राजाची दया आणि बारा जणांची जबानी



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते ते जन्मभर फौजदारी न्यायालयात उभे राहिलेले वकील होते. आरोपीच्या पिंजऱ्यातला प्रत्येक माणूस खुनी नसतो, या श्रद्धेवर त्यांचे काम उभे होते. म्हणून आज मी काही विशिष्ट माणसांबद्दल बोलणार आहे. त्यांनी माणूस मारला हे सगळ्यांना मान्य होते. मारला नसता तर तेच मेले असते, हेही सगळ्यांना मान्य होते. आणि तरीही न्यायालय त्यांना निर्दोष म्हणून घरी पाठवू शकत नव्हते. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये अशा माणसाला पुन्हा तुरुंगात धाडत आणि राजाच्या दयेची वाट पाहायला सांगत. दया बहुधा मिळायचीच. पण ती हातात पडेपर्यंत तो सुटलेला नसे, आणि ती मिळाल्यावरही त्याची गुरे, धान्य, भांडीकुंडी राजाच्या खात्यात जमा झालेली असत.

ही व्यवस्था कशी आली ते आधी थोडक्यात सांगतो. १०६६ च्या नॉर्मन स्वारीपूर्वी इंग्लंडमध्ये माणूस मारला गेला, तर तो प्रश्न मुख्यतः दोन घरांतला असे. मृताच्या दर्जाप्रमाणे भरपाईची रक्कम ठरलेली होती. ती मारणाऱ्याच्या घराने मृताच्या घराला द्यायची, नाही दिली तर वैर चालायचे. लपूनछपून केलेला खून मात्र अशा पैशांनी मिटत नसे. म्हणजे उघड भांडणात झालेला मृत्यू वेगळा आणि घात करून घेतलेला जीव वेगळा, हा भेद लोकांच्या मनात पक्का होता. हा भेद लक्षात ठेवा. कायद्याने तो पुढे पुसला, लोकांनी पुसला नाही, आणि माझे सगळे म्हणणे या फटीतून येते.

तो पुसला गेला दुसऱ्या हेन्रीच्या राजवटीत. ११६६ साली क्लॅरेंडनला आणि ११७६ साली नॉर्थॅम्प्टनला निघालेल्या राजादेशांनी गंभीर गुन्हे शोधून काढण्याचे काम राजाच्या न्यायाधीशांपुढे आणले. आपल्या तालुक्याहून लहान असा जो 'हंड्रेड' नावाचा विभाग असे, त्यातल्या बारा भरवशाच्या माणसांनी शपथेवर सांगायचे, की आमच्या भागात अमक्यावर दरोड्याचा किंवा खुनाचा वहीम आहे. मनुष्यवध हा आता दोन घरांचा मामला राहिला नाही, तो राजाच्या शांततेचा भंग झाला. पुढे शिक्षा एकच ठरली, फाशी. जंगम मालमत्ता राजाची, जमीन एक वर्ष आणि एक दिवस राजाकडे आणि मग वरच्या जमीनदाराकडे. आजच्यासारखी मधली पायरी, म्हणजे सदोष मनुष्यवधासाठी काही वर्षांची कैद, अस्तित्वातच नव्हती. एकतर फास, नाहीतर पूर्ण सुटका.

मग ज्याने जीव वाचवण्यासाठी हात उचलला त्याला पूर्ण सुटका का नाही? विद्वानांना हा प्रश्न कळत नव्हता असे मुळीच नाही. ब्रॅक्टनच्या नावाने ओळखला जाणारा तेराव्या शतकातला इंग्लिश कायद्यावरचा जो मोठा लॅटिन ग्रंथ आहे, त्यात मनुष्यवधाचे प्रकार पाडले आहेत : न्यायाच्या अंमलबजावणीतला, अपरिहार्यतेतला, अपघाताने घडलेला आणि जाणूनबुजून केलेला. अपरिहार्यतेतही तो ग्रंथ बारकाईने विचारतो, की हा प्रसंग टाळता येण्यासारखा होता का? टाळता येत असून मारले तर दोष आहे. टाळताच आला नाही, मनात वैर नव्हते, उलट दुःखी अंतःकरणाने स्वतःला वाचवण्यासाठी मारले, तर खुनाची शिक्षा लागू नये. इतके स्पष्ट लिहिले गेले होते. न्यायालये मात्र त्या वाटेने गेली नाहीत. मारले हे खरे असेल तर आम्ही सोडणार नाही, राजाने सोडावे, अशी त्यांची भूमिका राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मेटलंड यांनी इंग्लिश कायद्याचा इतिहास लिहिताना या विसंगतीवर बोट ठेवले आहे. माफी मिळायलाच हवी अशी योग्यता या माणसाची आहे, आणि तरी माफीवाचून त्याचा इलाज नाही.

याचे कारण इतिहासकार वेगवेगळे देतात. मला स्वतःला त्यात तीन गोष्टी एकत्र झालेल्या दिसतात. माणसाचा जीव गेला की राजाचे काहीतरी गेले, ही नव्या राजसत्तेची जाणीव. नाइलाजाने केलेल्या हत्येलाही प्रायश्चित्त हवे, ही चर्चची जुनी शिकवण. आणि मृताच्या नातेवाइकांना अजून स्वतःहून फिर्याद करण्याचा हक्क होता, तो एका निकालाने बुजवू नये ही काळजी. यातली कोणतीही गोष्ट क्षुद्र नाही. पहिलीबद्दल तर मला आदरच वाटतो. एका शेतमजुराच्या मृत्यूचेही उत्तर कुणाला तरी द्यावे लागेल, असे म्हणणारे राज्य त्या काळात सगळीकडे नव्हते.

आता प्रत्यक्ष काय घडायचे ते पाहू. गावात मारामारी झाली, एक जण मेला. ज्याला प्रेत पहिल्यांदा दिसले त्याने आरडाओरड करायची, शेजाऱ्यांनी धावायचे, ही सक्ती होती. मग कोरोनरला बोलावणे जाई. हे पद ११९४ साली निर्माण झाले. मुंबईकरांना ते परके नाही, कारण आपल्या मुंबईत कोरोनर विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत होता. कोरोनर येऊन प्रेत पाही, आसपासच्या गावांतल्या माणसांना शपथ देऊन चौकशी करी, जखमांची नोंद करी आणि मारणाऱ्याच्या मालमत्तेची यादी करून तिची किंमत लावी. त्या यादीतल्या मालाला मग गाव जबाबदार असे. राजाचे न्यायाधीश आले की गावाने तेवढी रक्कम भरायची.

ते न्यायाधीश येणार कधी, हा खरा प्रश्न होता. तेराव्या शतकात जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरणारे मोठे न्यायमंडळ वर्षानुवर्षे एखाद्या जिल्ह्यात फिरकत नसे. तोवर आरोपीने काय करायचे? पळाला तर जिल्ह्याच्या सभेत चारदा पुकारा होई आणि पाचव्या सभेत तो बहिष्कृत ठरे. पळाला म्हणून मालही जप्त, मग पुढे तो निर्दोष सुटला तरी. चर्चमध्ये आसरा घेतला तर चाळीस दिवसांच्या आत देश सोडायची शपथ. थांबला तर तुरुंग, आणि त्या तुरुंगांत खटला उभा राहण्यापूर्वीच माणसे मरत. एक पळवाट होती. आपल्यावरचा आरोप द्वेषातून झाला आहे का याची चौकशी करण्याचा हुकूम राजाच्या कचेरीतून मिळवायचा, आणि कौल अनुकूल आला तर जामिनावर सुटायचे. १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या छत्तिसाव्या कलमात हा हुकूम पैसे न घेता मिळावा, नाकारला जाऊ नये, असे लिहून घेतले आहे. मॅग्ना कार्टातले हे कलम कुणी फारसे आठवत नाही. पण अंधारकोठडीत बसलेल्या सामान्य माणसाला त्या सनदेतले याहून जवळचे कलम दुसरे नसेल.

१२७८ साली पहिल्या एडवर्डच्या काळात ग्लॉस्टरला कायदा झाला आणि त्याने सारी पद्धत आखून दिली. कुणी अपघाताने किंवा स्वतःच्या बचावात माणूस मारला, तर त्याने न्यायाधीश येईपर्यंत तुरुंगात राहायचे. मग गावकऱ्यांच्या ज्यूरीपुढे उभे राहायचे. ज्यूरीने बचावात मारले असे सांगितले, तर न्यायाधीशांनी ते राजाला कळवायचे आणि राजाच्या मर्जीस आले तर राजाने दया करायची. 'मर्जीस आले तर' हे कायद्यातच आहे. ज्यूरीने सत्य सांगितले, न्यायाधीशाने ते मानले, तरी शेवटचा शब्द मर्जीचा.

चौदाव्या शतकात ही मर्जी व्यवहारात ठरीव होऊन गेली. न्यायाधीशांची नोंद चॅन्सरी या राजाच्या कचेरीत पोचली की तिथून मोठ्या मोहोरेचे माफीपत्र निघे. राजाला त्या माणसाचे नावही कळत नसे. बचावासाठीची माफी नेहमीच्या कामासारखी दिली जाऊ लागली. मग हरकत काय, असे कुणी विचारील. हरकत अशी, की ते पत्र मिळवायला चॅन्सरीत खेटे घालावे लागत, शुल्क भरावे लागे, कारकुनांना ओळखणारा कुणी हवा असे आणि तोवर माणूस कोठडीत किंवा जामिनावर लटकलेला असे. पत्र आल्यावर ते न्यायालयात वाचले जाई आणि मृताच्या बाजूने कुणाला फिर्याद करायची आहे का, असा पुकारा होई. कारण माफीपत्रातच अट असे, की कुणी याच्याविरुद्ध उभे राहिले तर याने न्यायालयात उत्तर द्यावे. कुणी पुढे आले नाही, तरच राजाची पक्की शांतता त्याला मिळे.

आणि मालमत्ता? ती गेलेलीच असे. इथे जरा थांबले पाहिजे. माफी मिळालेला माणूस गावी परततो तेव्हा त्याच्याकडे काय उरते? आपण सरदार-दरकदारांबद्दल बोलत नाही आहोत. एखादी गाय, दोन-चार मेंढ्या, पितळेचे भांडे, कोठीतले थोडे धान्य, अंथरूण, हा त्याचा संसार. तो सगळा 'जंगम' सदरात मोडतो, म्हणून सगळा राजाचा. त्याच्या बायकोने काही केलेले नव्हते, मुलांनी काही केलेले नव्हते. पण हल्ला झाला त्या दिवशी ते घर धुऊन निघाले. दप्तरांत पुन्हा पुन्हा नोंद येते की आरोपीपाशी मालमत्ता काहीच नाही. ती प्रत्येक नोंद खरी मानायला इतिहासकार तयार नाहीत, मीही नाही. शेजारी शपथेवर किंमत लावत होते आणि उद्या त्याच शेजाऱ्याच्या मुलांना उपाशी पाहणार होते. त्यांनी गाय कुठे बांधली हे कोरोनरला सांगितले नसेल, तर मी त्यांना दोष देणार नाही.

याच शेजाऱ्यांविषयी आता सविस्तर बोलायचे आहे. या विषयाचा पाया दोन अभ्यासकांनी घातला. नेओमी हर्नार्ड यांचे १३०७ पूर्वीच्या मनुष्यवधाच्या माफ्यांवरचे पुस्तक १९६९ साली ऑक्सफर्डहून निघाले. त्यानंतर अमेरिकेतले थॉमस ग्रीन यांनी १९७२ साली एक लेख आणि १९८५ साली एक ग्रंथ लिहिला. ग्रीन यांनी केलेले काम ऐकायला साधे आहे, करायला अतिशय चिकाटीचे. कोरोनरच्या चौकशीची दप्तरे एका बाजूला आणि त्याच खटल्यांची तुरुंग-न्यायालयातली दप्तरे दुसऱ्या बाजूला ठेवून त्यांनी ती ताडून पाहिली. एकाच मृत्यूच्या दोन हकिगती, पहिली घटनेनंतर लगेच सांगितलेली आणि दुसरी काही महिने-वर्षांनी खटल्यात. त्या कितीदा तरी जुळत नाहीत.

दुसऱ्या हकिगतीत काय येते? मृत माणूसच हल्लेखोर असतो. आरोपी आधी पळतो. तो पळत पळत एखाद्या भिंतीशी, कुंपणाशी, खंदकाशी किंवा पाण्याच्या काठाशी येतो आणि पुढे जायला वाट उरत नाही. मृत माणूस वार करतच असतो. मग अगदी शेवटी, दुसऱ्या कोणत्याही उपायाने मरण टळत नाही असे पाहून, आरोपी हाताला लागेल ते हत्यार उचलतो आणि बहुधा एकच घाव घालतो. कायद्याने बचावाची व्याख्या इतकी अरुंद केली होती की भिंत नसेल तर बचाव नाही. म्हणून ज्यूरी भिंत उभी करत. दारूच्या गुत्त्यातली बाचाबाची असो, शेताच्या बांधावरचे भांडण असो, लॅटिन दप्तरात शेवटी तेच शब्द उतरतात, की अन्यथा तो स्वतःचे मरण चुकवू शकला नसता.

ग्रीन यांनी दिलेला एक खटला मला विसरता येत नाही. तो चौदाव्या शतकातला, रॉबर्ट बाउसरमनचा. कोरोनरपुढची हकिगत अशी : रॉबर्ट भर दुपारी घरी आला, त्याने जॉन डाउटीला आपल्या बायकोबरोबर पाहिले आणि तिथल्या तिथे कुऱ्हाडीने त्याचा जीव घेतला. एवढेच. आता खटल्यातली हकिगत ऐका. रात्रीची वेळ आहे. रॉबर्ट आणि त्याची बायको राजाच्या शांततेत झोपलेली आहेत. जॉन घरात शिरतो. बायको हळूच उठून त्याच्याकडे जाते. आवाजाने रॉबर्टला जाग येते, बायको शेजारी नाही असे पाहून तो घरात शोधतो, तर ती जॉनबरोबर सापडते. जॉन लगेच सुरा घेऊन रॉबर्टवर तुटून पडतो, त्याला जखमी करतो, रॉबर्ट आणि दार यांच्या मध्ये उभा राहून एकसारखा भोसकत राहतो. आपला जीव जाणार, पळायला आता कुठेही वाट नाही, असे पाहून जीव वाचवण्यासाठी रॉबर्ट कुऱ्हाड उचलतो आणि जॉनच्या डोक्यात एक घाव घालतो.

दुपारची रात्र झाली. नि:शस्त्र माणसाच्या हातात सुरा आला. दार अडवले गेले. यातला प्रत्येक तपशील कायद्याच्या एकेका अटीला उत्तर देण्यासाठी घातलेला आहे. रात्र हवी, कारण रात्री घरात शिरणारा संशयित. दार अडलेले हवे, कारण पळायला जागा नव्हती हे दाखवायचे. जखमा हव्यात, कारण आधी वार त्याने केला. एक घाव हवा, कारण गरजेपेक्षा जास्त मारले नाही. ही हकिगत रचणारे बारा जण अडाणी नव्हते. त्यांना कायदा नीट माहीत होता. आणि हा माणूस फासावर जायला नको, हेही त्यांनी ठरवलेले होते.

त्यांनी शपथेवर खोटे सांगितले का? हो, सांगितले. मला हे सौम्य करून सांगायचे नाही. देवाला साक्षी ठेवून बोलण्याचा अर्थ त्या माणसांसाठी आपल्याहून जास्त जड होता. तरी ते बोलले, कारण त्यांच्या दृष्टीने घात करून केलेला खून आणि रागाच्या भरात घातलेला घाव एक नव्हते, आणि कायदा दोन्हींना एकच फास दाखवत होता. दोष कुठे आहे असे मला विचाराल, तर मी कायद्याकडे बोट दाखवीन. जे हक्काने मिळायला हवे ते कायद्याने कृपेच्या खात्यात टाकले, आणि ती कृपा मिळवण्यासाठी एक ठरावीक गोष्ट सांगणे भाग पाडले. मग ज्याने खरोखरच भिंतीला पाठ लावून जीव वाचवला त्याची गोष्ट आणि ज्याच्यासाठी भिंत रचली त्याची गोष्ट कागदावर एकसारखी झाली. यात सर्वांत जास्त अन्याय त्या पहिल्या माणसावर झाला. त्याचे खरे आज आपल्याला ओळखूच येत नाही.

बाउसरमनचा खटला वाचताना मराठी वाचकाला एक नाव आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबईत १९५९ साली नौदलाचे अधिकारी कमांडर नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालून ठार केले. झटापटीत गोळ्या सुटल्या, असा बचाव होता. सत्र न्यायालयातल्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना तो कौल पुराव्याला धरून वाटला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि मार्च १९६० मध्ये तिथे जन्मठेप झाली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षा स्थगित केली. राज्यपालांना हे करता येते का, यावर सप्टेंबर १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि तिथे इंग्लंडच्या राजसत्तेच्या दयाधिकाराची चर्चा करणे न्यायमूर्तींना भाग पडले, कारण आपल्या संविधानातल्या ७२ आणि १६१ या कलमांची मुळे तिकडे आहेत. १९६१ मध्ये शिक्षा कायम झाली आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. ज्यूरीचा कौल, न्यायाधीशाचे असमाधान आणि शेवटी राज्यप्रमुखाची दया, हे तिन्ही दुवे सहाशे वर्षांनी मुंबईत पुन्हा एका खटल्यात आले. हा स्वसंरक्षणाचा खटला नव्हता हे मला मान्य आहे. पण बाउसरमनचा तरी कुठे होता?

दया राजाच्या मुठीत ठेवण्याचा दुसरा परिणाम अधिक वाईट झाला. जी गोष्ट मर्जीने देता येते ती कशाच्याही बदल्यात देता येते. १२९४ साली गॅस्कनीच्या मोहिमेसाठी पहिल्या एडवर्डला सैन्य हवे होते, तेव्हा लढायला येणाऱ्या गुन्हेगारांना त्याने मोठ्या संख्येने माफ्या दिल्या. पुढे स्कॉटलंडच्या आणि फ्रान्सच्या युद्धांत हा प्रकार चालूच राहिला. घात करून खून करणारा माणूस सैन्यात एक मोहीम करून, मोहोरेचे पत्र घेऊन गावात परतू लागला. ज्याने खंदकाशी अडकून जीव वाचवला तो आणि ज्याने वाट अडवून जीव घेतला तो, दोघांच्या हातात एकाच चॅन्सरीचा कागद. लोक चिडले ते योग्यच होते. १३२८ साली नॉर्थॅम्प्टनच्या संसदेत कायदा झाला, की माफीपत्र फक्त राजाच्या शपथेशी सुसंगत असेल तेव्हाच द्यावे, म्हणजे बचावात किंवा अपघाताने मारले असेल तेव्हाच. राजांनी तो पाळला नाही. संसद पुन्हा पुन्हा तक्रार करत राहिली. १३९० साली दुसऱ्या रिचर्डच्या काळात नवा कायदा आला. घात लावून, पूर्ववैराने केलेल्या खुनाला माफी हवी असेल, तर तसे माफीपत्रात स्पष्ट लिहिले पाहिजे, असे त्याने ठरवले.

या सगळ्या तक्रारींत एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. माफ्यांवर एवढा राग असतानाही बचावासाठीच्या माफीविरुद्ध संसदेने कधी आवाज उठवला नाही. उलट प्रत्येक वेळी तिला वगळले. म्हणजे सगळे मान्य करत होते की ही माफी द्यायलाच हवी. जी द्यायलाच हवी ती मागायला का लावायची, हा प्रश्न मात्र त्या सभागृहात कुणी धसास लावला नाही.

तो सुटायला किती काळ लागला? १५३२ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात वाटमारी करणाऱ्याला किंवा घरफोड्याला मारले तर मालमत्ता जप्त होणार नाही, असे ठरले. साध्या भांडणातल्या बचावाला तो लाभ मिळाला नाही. अठराव्या शतकात कायद्याचा भाष्यकार ब्लॅकस्टोन लिहितो तोवर न्यायाधीश ज्यूरीला सरळ निर्दोषाचा कौल देऊ देत होते, आणि माफी व माल परत मिळण्याचा हुकूम ठरलेल्या रीतीने निघत होता. पण कायदा जागच्या जागी होता. तो १८२८ साली गेला. ग्लॉस्टरच्या कायद्यापासून मोजले तर साडेपाचशे वर्षे.

मुंबई शहराला हा इतिहास केवळ ऐकीव नाही. राजाच्या न्यायालयाच्या हद्दीतल्या मुंबईत फौजदारी बाबतीत इंग्लिश कायदाच चालत होता, तो भारतीय दंडसंहिता १ जानेवारी १८६२ ला लागू होईपर्यंत. त्या संहितेचा पहिला मसुदा मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली तयार केला. त्यात आत्मरक्षणाचा हक्क मुद्दाम ऐसपैस ठेवला, कारण या देशातली माणसे अन्याय फार मुकाट्याने सोसतात असे आयोगाचे मत होते. त्या मतात राज्यकर्त्याचा अहंकार आहे, यात शंका नाही. पण त्यातून निघालेली ९६ ते १०६ ही कलमे मला आजही उत्तम कायदा वाटतात. बचावात केलेले कृत्य हा गुन्हाच नाही, इथून ती सुरू होतात. दया मागायची नाही, माल जात नाही, आणि पळून जाण्याची अटही नाही. जीव धोक्यात असताना माणसाने पाठ दाखवून पळावे अशी कायद्याची अपेक्षा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दर्शन सिंग खटल्यात पुन्हा सांगितले. आता तीच कलमे भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ या क्रमांकांनी आहेत.

आता उरले ते, ज्यांच्याविषयी या विषयावर बोलणारे सहसा बोलत नाहीत. म्हणजे मृताच्या घरचे लोक. जॉन डाउटीचा विचार करा. तो चांगला माणूस होता असे मी म्हणत नाही. पण खटल्याच्या दप्तरात तो सुरा घेऊन आलेला हल्लेखोर म्हणून कायमचा नोंदला गेला, आणि कोरोनरची चौकशी खरी असेल तर त्याच्या हातात सुरा नव्हता. बारा जणांनी रॉबर्टवर जी दया केली तिची किंमत जॉनच्या नावाने चुकवली. प्रत्येक रचलेल्या भिंतीच्या दुसऱ्या बाजूला असे एक घर आहे. ज्यूरीच्या त्या कणवेबद्दल मला आदर आहे, पण हे घर नजरेआड करून तो आदर व्यक्त करणे मला जमत नाही.

मध्ययुगीन कायद्याने त्या घरासाठी एक दार ठेवले होते, आणि राजाची दयाही ते बंद करू शकत नव्हती. माफीपत्र वाचल्यावर होणारा, मघाशी सांगितलेला पुकारा तो हाच. मृताची पत्नी किंवा वारस स्वतःच्या नावाने फिर्याद करू शकत. राजाने सोडले तरी मी सोडत नाही, असे म्हणण्याचा तो हक्क होता. त्याचा दुरुपयोग झाला, पैसे घेऊन फिर्यादी मागे घेतल्या गेल्या. मॅग्ना कार्टाच्या चोपन्नाव्या कलमाने तर बाईच्या फिर्यादीवरून अटक फक्त तिच्या नवऱ्याच्या मृत्यूपुरती मर्यादित केली, म्हणजे मुलगा मारला गेला तर आईला ते दार नव्हते. तरीही हक्क जिवंत राहिला. १८१७ साली मेरी अ‍ॅशफर्ड नावाच्या तरुणीच्या मृत्यूच्या प्रकरणात, आरोपी अब्राहम थॉर्नटन ज्यूरीकडून निर्दोष सुटल्यावर तिच्या भावाने ही जुनी फिर्याद दाखल केली. थॉर्नटनने तितक्याच जुन्या कायद्याचा आधार घेऊन भावाला द्वंद्वाचे आव्हान दिले. न्यायालयाला ते नाकारता आले नाही, भावाने माघार घेतली, आणि १८१९ साली संसदेने फिर्याद आणि द्वंद्व दोन्ही एकदम रद्द केली. त्यानंतर नऊ वर्षांनी बचावात मारणाऱ्याची मालजप्ती गेली. आरोपीला हक्क मिळाला त्याच्या आधीच्या दहा वर्षांतच मृताच्या घराचा हक्क संपला.

आपल्याकडे तो हक्क वेगळ्या रूपात आला. फौजदारी प्रक्रिया संहितेत झालेली दुरुस्ती ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झाली. तेव्हापासून आरोपी निर्दोष सुटला तर पीडिताला स्वतः अपील करता येते, आणि पीडित या व्याख्येत त्याचे वारस येतात. सरकारी वकिलाने फाईल मिटली तरी विधवा, आई, मुलगा न्यायालयात उभे राहू शकतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ही तरतूद ४१३ व्या कलमात आहे. मी या जिल्ह्यातल्या तरुण वकिलांना विनंती करतो, की आत्मरक्षणाचा बचाव उभा करताना तो पुराव्यातून उभा करा, भिंत रचू नका. आणि समोरच्या बाकावर मृताची आई बसलेली असेल, तर तिला हे कलम आहे ते कुणीतरी सांगा. पुष्कळांना ते अजून माहीत नसते.